त्या दिवशी टोपी हलली नाही

माझ्या डाव्या मडगार्डावरून डोळे मिटून हात फिरवलात, तर दिव्याच्या मागे एका जागी बोट किंचित अडखळेल. तेथे ओटमार ब्रेंडले यांच्या हातोडीचा शेवटचा घाव आहे. चव्वेचाळीस वर्षे झाली त्याला. मित्रांनो, तेवढेच माझेही वय. मी एक बुटकी, लाल, दोनच माणसांची आणि फार वेगाने पळणारी गाडी. पळणारी म्हणते खरी, पण आता फक्त रविवारी.

जर्मनीतल्या श्वाबिया भागात, ओबरहाल्डन गावात आमचा कारखाना आहे. त्याचे नाव लेर्खे, म्हणजे आपला चंडोल पक्षी. आमच्या प्रत्येकीच्या बॉनेटवर तो बसवलेला असतो. मी जन्मले तेव्हा गाडीचे अंग यंत्रातून निघत नसे. लाकडी साच्यावर पत्रा ठेवून माणसे तो हाताने ठोकत. ओटमार तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. माझी मडगार्डे ठोकायला त्यांना अकरा दिवस लागले. कामगारांना कानात घालायला कापूस मिळे, पण ओटमार तो घालत नसत. पत्रा कोठे ताणला आणि कोठे सैल पडला हे आवाजावरून कळते, कानात बोळे कोंबून काय कळणार, असे त्यांचे म्हणणे. सदतीस वर्षे त्यांनी असा उघड्या कानांनी पत्रा ठोकला.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याने मला घाटाघाटांतून पळवले, बक्षिसे मिळवली, वर्तमानपत्रात माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढले. मग त्याचे गुडघे धरले. माझ्यात बसायचे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचे. त्याने मला एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवले आणि विसरला. बारा वर्षे मी गवताच्या भाऱ्यांमागे होते. कोंबड्या माझ्या आसनावर अंडी घालत. ओटमार निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने मला शोधून काढले, धुतले, दुरुस्त केले आणि निरोपाची भेट म्हणून त्यांना दिले. त्यांनी सगळ्यांत आधी डोळे मिटून माझ्या मडगार्डावरून हात फिरवला. बोट अडखळले तेव्हा ते हसले.

त्यांची मुलगी आल्मुट याच कारखान्याच्या अंगणात खेळून मोठी झाली. पुढे ती तेथेच गाड्यांची रचना करू लागली. तीन वर्षांपूर्वी नवी लेर्खे घडवायचे काम तिच्या हाती आले. तिची आई तेव्हा हयात नव्हती. बापलेक एकमेकांशी कमीच बोलत, पण त्यात भांडण नव्हते. कामाची माणसे ती.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. नवी गाडी लोकांपुढे आणायची, तेव्हा पत्रेशाळेतला सर्वांत वडीलधारा कारागीर तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. मग इंजिन चालू करतात. आवाज पसंत पडला की तो डोक्यावरची टोपी उचलतो. टोपी उचलली की गाडी घराण्यात आली. ही रीत कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही, पण आमच्या शौकीन मंडळींना ती धर्मासारखी वाटते. गेल्या दोन्ही गाड्यांच्या वेळी टोपी ओटमार यांचीच होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी कारखान्याच्या अंगणात दोनशे माणसे जमली. लांबलांबून जुन्या लेर्ख्या घेऊन लोक आले होते. बटाट्याचे सॅलड, सॉसेज, बीअर, सगळे होते. मला नव्या गाडीशेजारी उभे केले होते. तिच्यावरचे कापड ओढले आणि सगळी मंडळी पुढे सरकली.

माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आमच्या घराण्यात मागे दोन गोल दिवे असतात. तिच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल पट्टी होती. आत गिअरचा दांडा नव्हता. इंजिन माझ्या निम्म्याने लहान, आणि जोडीला बॅटरी. ही माझी नात? मला भोवळ आल्यासारखे झाले.

लेर्खेच्या शौकिनांचे एक मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष लोटार फेत्सर हे गावचे खाटीक. त्यांनी वाकून मागची पट्टी पाहिली आणि ही पावाच्या भट्टीची फट येथे कोणी बसवली, असे विचारले. निवृत्त शिक्षिका रोझविता यांची पिवळी लेर्खे सगळ्यांच्या ओळखीची. त्या म्हणाल्या की मला तर आवडली, निदान लोटारसारखे तिचे पोट तरी सुटलेले नाही. कोणी म्हणाले देखणी, कोणी म्हणाले इस्त्रीसारखी. एक गृहस्थ नुसते दार उघडून बंद करत राहिले. दांडा नाही हे कळल्यावर फेत्सर यांनी उजवा हात पुढे धरला.

"मग या हातानं करायचं काय आता? विणकाम?"

आल्मुट सगळे ऐकत होती. तिचा चेहरा शांत होता. लोक बोलोत, असे तिला वाटत होते. तिला एकाच माणसाचे मत हवे होते.

ओटमार पाठ करून उभे राहिले. इंजिन चालू झाले. मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. स्वर खालच्या पट्टीतला होता, पण गळा आमचाच होता. चढावर दुसरा गिअर टाकल्यावर माझ्या पोटातून जो सूर निघतो, तो आल्मुटने तीन वर्षे खपून त्या लहानशा इंजिनातून काढला होता. माझी भोवळ गेली. फेत्सर यांनी पुढे धरलेला हात खाली घेतला. सगळ्यांनी ओटमार यांच्या टोपीकडे पाहिले.

टोपी हलली नाही.

एक मिनिट गेले, दोन गेली. आल्मुट पांढरीफटक पडली. तिने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केले. बराच वेळ झाल्यावर ओटमार वळले. समोर सगळ्यांचे चेहरे उतरलेले दिसले. ते माझ्यात बसले आणि निघाले.

खरी गोष्ट त्या अंगणात ओटमार यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होती. ओटमार यांना ऐकूच येत नव्हते. गेली सहा वर्षे मला चालू केल्यावर ते बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन सुरू झाल्याची खात्री करत. लोकांशी बोलताना ओठ बघत, चारजण हसले की हसत. आधीच्या गाड्यांचे इंजिन सुरू झाले की पायाखालची फरशी थरथरायची, त्यावरून त्यांनी टोपी उचलली होती. ही नवी इतकी सफाईने घडवलेली, की फरशीला पत्ता लागला नाही. चंडोलाच्या घराण्यातला वडीलधारा बहिरा आहे हे कोण मानणार? आणि त्यांचे कान खाल्ले कोणी? माझ्याच मडगार्डांनी.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर टोपीचा फोटो आला. ज्यांना गाडी आवडली होती तेही म्हणू लागले की ओटमारकाकांच्या कानाला जे खटकले ते आपल्याला कसे कळणार. कारखान्याने गाडी थांबवली. आल्मुटला कळवले की महिनाअखेर हे काम दुसऱ्याकडे जाईल. हे ओटमार यांनी पत्रिकेत वाचले. एकदा ते गाडीघरात आले, माझ्यात बसले, तिच्या घराच्या वळणापर्यंत मला नेले आणि परत आणले.

शेवटी तीच आली. दुपारची वेळ होती. ओटमार पाठमोरे, बाकाजवळच्या जाड रबरी चटईवर उभे राहून नटबोल्ट कसायचे पाने पुसत होते. तिने दारातून तीन वेळा हाक मारली. ते वळले नाहीत. तिला वाटले, अजून राग आहे. तीही त्यांचीच मुलगी. ती सरळ माझ्यात बसली आणि तिने किल्ली फिरवली.

मी सुरू झाले ते खडखडतच. दोन वर्षांपासून माझे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपा ढकलणारे छोटे भाग, सैल होते. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आल्मुट चमकली. बाबांच्या गाडीत हा आवाज? एके काळी एवढ्याशा किरकिरीला ते जेवण सोडून उठत. आणि आता चार हातांवर उभे राहून शांतपणे पाना पुसत होते.

मग ओटमार वळले. ती दिसताच त्यांचा चेहरा फुलला.

"अगं, कधी आलीस? थांब, चालू नको करूस हं. पाणी बघतो आधी."

आल्मुट हलली नाही. ते पुढे आले, सवयीने बॉनेटवर तळवा ठेवला आणि जागीच थिजले. बापलेक काचेतून एकमेकांकडे बघत राहिले. तिने मला बंद केले, उतरली आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहून सावकाश विचारले.

"बाबा, किती वर्षं?"

"सहा. तुझी आई गेली तेव्हा थोडंथोडं यायचं."

"आणि त्या दिवशी?"

"मी वाट बघत होतो गं, इंजिन कधी लावतायत म्हणून. वळलो तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. मग सांगायची लाज वाटली."

"लाज तुमची, आणि तीन वर्षं माझी गेली," ती म्हणाली. "तो आवाज मी कोणासाठी काढला असेल, बाबा?"

ओटमार यांनी मान खाली घातली. खाली बघितले की त्यांना पुढचे काहीच कळणार नव्हते, म्हणून तिने त्यांची हनुवटी धरून वर उचलली.

रविवारी मंडळ डोंगरावरच्या खानावळीत जमले. ओटमार उभे राहिले. मी उघड्या खिडकीबाहेरच उभी होते.

"मी त्या गाडीला नाही म्हटलेलंच नाही," ते म्हणाले. "मला ती ऐकूच आली नाही. मी बहिरा झालोय. सहा वर्षं तुमची तोंडं बघून हसतोय. लाजेपायी पोरीचं काम बुडवलं."

फेत्सर यांनी हातातला काटा खाली ठेवला. रोझविता उठून ओटमार यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"ओटमार, मग हेही माझ्या ओठांवर बघून घे. तुझी गाडी दोन वर्षं खिळ्यांच्या डब्यासारखी वाजतेय."

ओटमार यांनी दचकून खिडकीतून माझ्याकडे पाहिले. त्यांनी एकेकाला विचारले. एकेकाने मान डोलावली. दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल त्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही, अशी मंडळाची शिस्त होती, आणि ओटमारकाकांना तर कोण सांगणार? असेल त्यांची काही खास जुळणी, असे सगळे धरून चालले होते. आपली अब्रू गेली याचे ओटमार यांना त्या दिवशी तितके वाईट वाटले नाही, जितके माझ्याकडे बघून वाटले.

त्याच संध्याकाळी मंडळाने कारखान्याला पत्र लिहिले. गाडी चांगली की वाईट यावर त्यांचे एकमत झाले नाही. फेत्सर यांनी भट्टीची फट पत्रात घालायला लावली आणि रोझविता यांनी त्याखाली आपला विरोध लिहिला. टोपीचा निकाल मात्र सर्वांनी मागे घेतला. काम आल्मुटकडेच राहिले.

पुढच्या महिन्यात ओटमार कानात यंत्रे घालून कारखान्याच्या अंगणात आले. माझे टॅपेट तेथेच कसत होते. आल्मुटने नवी गाडी सुरू केली. ते खूप वेळ डोळे मिटून ऐकत होते, मध्येच रुमाल काढून नाक पुसत होते. मग गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"आवाज आपलाच आहे," ते म्हणाले. "पण मागचे दिवे मला बिलकूल आवडले नाहीत. आणि दार फार हलकं लागतं."

आल्मुट तेथेच पायरीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. तिने खिशातून वही काढली आणि म्हणाली, "बोला बाबा, आणखी काय काय आवडलं नाही?"

मित्रांनो, घरातल्या जुन्या माणसांना आणि जुन्या यंत्रांना तुम्ही मान देता, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या जवळ जा. काय दुखते, काय सैल झाले आहे, ते विचारा. माझी खडखड दोन वर्षे साऱ्या गावाने ऐकली आणि माझा मान राखला. मला मान नको होता, पाना हवा होता.