नेव्झात बेयांचा होकार

उत्तरेकडच्या त्या थंड देशाला लष्करी युतीत घ्यायचं की नाही, यावर अंकाऱ्यात, तुर्कस्तानच्या संसदेत, वर्षभर नुसता काथ्याकूट चालला होता. मतदानाला मुहूर्त लागला तो नेमका आज. आणि आजच खासदार नेव्झात बेयांच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नेव्झातरावांच्या, सेल्वीला मागणी घालायला मुलाकडचे पार कायसेरीहून घरी येऊन बसले होते. मुलीच्या बापाने ‘दिली’ म्हटल्याशिवाय अंगठी पुढे सरकणार नव्हती.

"इल्हामी बेय, मला सोडा हो," नेव्झात पक्षाच्या प्रतोदाला म्हणाले.

"हात वर करा आणि सुटा. आत्ता होतंय!"

तेवढ्यात विरोधी बाकांवरचे वीस जण उभे राहिले. हजेरी घ्या म्हणे! त्यांत नेव्झातांचा कॉलेजपासूनचा दोस्त तुर्गाय दात काढत उभा.

"अरे गाढवा, तुम्हालाही हा ठराव हवाय ना?"

"हवाय की! पण तुमची माणसं कुठायत ते दिसू दे जरा."

कुठे असणार? बाहेर चहा ढोसत बसलेली. संख्या भरेना, बैठक तहकूब. पुन्हा भरली, पुन्हा तेच वीस उभे. नेव्झातांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरून बायकोचा, मुझेय्यनचा फोन आला. "अहो, कॉफी दोनदा झाली. रीतीप्रमाणे परीक्षा बघायला सेल्वीने मीठ घातलेली कॉफीसुद्धा मुलाने बिचाऱ्याने हसत संपवली. त्याच्या आजोबांना डुलक्या लागल्यात. येताय की नाही?"

"निघालोच!"

आणि खरंच निघाले. दारात इल्हामी बेयांनी बाही धरली. "एका माणसावाचून अडलं तर तुमचं नाव वर जाईल, बघा बुवा."

नेव्झात मुकाट माघारी फिरले. स्वतःचीच चीड आली, पण फिरले.

अखेर ठराव मंजूर झाला. तुर्गायनेही हात वर केला, मेल्याने! नेव्झात धापा टाकत घरी पोचले, तर दाराबाहेर पाहुण्यांचे जोडे नव्हते. सेल्वीच्या बोटात अंगठी होती, दोघांच्या अंगठ्यांना जोडून बांधतात ती लाल फीत कापलेली.

"होकार कुणी दिला?"

"मीच. आजोबा म्हणत होते, बापाशिवाय कसं? म्हटलं, बाबांना सवड नाही."

"अगं, देशाचं काम होतं..."

"बघितलं ना टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून," सेल्वी म्हणाली. "तिथे शेकड्यांनी हात होते, बाबा. तुमचा नसता तरी चाललं असतं. इथे एकाच माणसाचा होकार हवा होता."