पलंगापासून पाण्यापर्यंत

सुट्टी म्हणून आज सकाळीच आले, तर आईच्या व्हीलचेअरची दोन्ही मोठी चाकं गायब होती. बिनचाकांची ती खुर्ची पुढच्या खोलीत जमिनीवर बसकण मारून होती आणि घरात कोणी नव्हतं. पलंग रिकामा, दार सताड उघडं.

चौदा महिन्यांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि आईचे पाय गेले. तेव्हापासून ती या दाराबाहेर पडली ती फक्त डॉक्टरांकडे जायला. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर पडलेली, बुडालेली, धडकलेली माणसं कागदावर बघायची आणि संध्याकाळी इथे येऊन आईने काय काय करायचं नाही ते सांगायचं, हे माझं रोजचंच. ती मला नियमबाई म्हणते. म्हणू दे.

पलंगापाशी रिकामी खोकी पडली होती. एकावर कयाकच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीच्या, टेकायला पाठ असलेल्या सीटचं चित्र, दुसऱ्यावर गळाची काठी अडकवायच्या नळ्या, आणखी एकावर पाण्याखालचे मासे दाखवणारा छोटा स्क्रीन. हे सगळं कधी आलं? मागे जाऊन बघते तर भिंतीला लावलेली आईची कयाकही नाही. पायांत बळ होतं तेव्हा वीस वर्षं दर रविवारी ती कयाक घेऊन तळ्यावर मासे धरायला जायची. बाबा काठावर बसून राहायचे, कारण त्यांना पोहता येत नाही.

मी बाहेर धावले. समोरचा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "आईंना बघताय का? आत्ताच गेल्या की नावेत बसून."

"नावेत? रस्त्यावरून?"

"हो ना! बाबा ढकलत होते. मला हातसुद्धा केला त्यांनी."

तळं गल्लीच्या टोकाला, उतरणीखाली. धापा टाकत पोचले आणि जे दिसलं त्यावर डोळ्यांचा विश्वास बसेना. आईच्या खुर्चीच्या चाकांवर कयाक, कयाकमध्ये नारिंगी लाइफ जॅकेट घालून ताठ बसलेली आई, आणि ती सुसाट खाली जाऊ नये म्हणून मागे दोरी धरून रेललेले बाबा. आयुष्यभर सायकली दुरुस्त केलेल्या माणसाने पाइप वाकवून चौकट केली होती आणि तिच्यावर कयाक पट्ट्याने आवळली होती.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"आल्या बघा नियमबाई," आई म्हणाली.

"ओरडतेस काय? हात लाव," बाबा म्हणाले. "उतार आहे."

हात लावला. न लावून सांगते कुणाला?

"मागच्या महिन्यात खुर्चीतून इथवर आणलं होतं हिला," बाबा धापा टाकत सांगू लागले. "काठावर उचलून कयाकमध्ये बसवायला गेलो आणि दोघंही चिखलात आडवे. तुला मुद्दामच सांगितलं नाही. मग म्हटलं, चिखलात उचलायचंच कशाला? कयाकच या चाकांवर ठेवली की सीट बरोब्बर पलंगाच्या उंचीला येते. मध्ये टाकलेल्या फळीवरून घसरत ती पलंगावरून आपली आपण बसली. आता पुढचं पाणी बघेल."

दोघं पडले होते? आणि मी रोज संध्याकाळी त्याच घरात बसून चहा पीत होते?

कयाक पाण्यात शिरली, डुलली आणि तरंगली. बाबांनी गुडघाभर पाण्यात जाऊन पट्टा सोडवला, चाकं बाहेर ओढली. दोरीचं टोक मात्र मी त्यांच्या हातातून घेतलं. दुसरं टोक आईच्या सीटशेजारच्या कडीला होतं.

आईने वल्हं मारलं आणि मी खरोखर थक्क झाले. रात्री कूस बदलायला बाबांना हाक मारणारी माझी आई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, गर्रकन वळली. तिला कोणी ढकलत नव्हतं. तेवढ्यात दोरी ताणली गेली.

"सोड," आई म्हणाली.

"नाही. उलटलीस तर?"

"जॅकेट आहे. हात धड आहेत. सोड गं."

"तू इथल्या इथे फिर. मी धरून उभी राहते."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी काठापर्यंत आणायचं कबूल केलं होतं. पुढचं तुम्ही मायलेकी बघा."

मी दोरीचा हाताला एक वेढा घेतला. आईने तो पाहिला. मग जॅकेटच्या खिशातून छोटी सुरी काढली आणि पार्सलाची सुतळी कापावी तशी दोरी कापून टाकली.

मी मटकन चिखलात बसले. तिची पाठ लांब लांब जात होती आणि मला रडू येत होतं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तिचं उठणं, अंघोळ, गोळ्या, झोप, चौदा महिने सगळ्याच्या वेळा आम्हीच ठरवत आलो होतो. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मधोमध पोचल्यावर तिने मागे न बघता आवाज दिला, "साडेअकराला या मला न्यायला. त्याआधी नको."