माझ्या वजनाचं निमित्त

किण्, किण्, किण्. चहाच्या कपात चमचा फिरत होता. सुट्टीची दुपार होती आणि घर अगदी गप्प होतं. साखर केव्हाच विरघळली असणार, पण चमचा काही थांबेना. चमचा असा फिरायला लागला की या घरात काहीतरी जाहीर व्हायचं असतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असते, मला सगळं ऐकू येतं.

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. आपली गोष्ट सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला आज ते जमणार नाही.

"मोठी स्कूटर बुक केली," आतून मालक म्हणाला. "तुझ्यासाठीच. तुला कामावर जायचंय ना?"

"खरंच?" त्याची बायको म्हणाली. एवढा एकच शब्द, पण तिचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्याच क्षणी मला त्या न आलेल्या स्कूटरचा राग आला.

मीही कधीतरी नवी होते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या टाकीत माणसाला स्वतःचा चेहरा दिसायचा. मालकाचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. जुन्या बनियनच्या फडक्यानं तो मला पुसायचा, चेनला तेल घालायचा. मित्र गोळा व्हायचे आणि म्हणायचे, "नुसता आवाज ऐक रे हिचा!" मी आणखी जोरात धडधडायचे. पुढे त्याचं लग्न झालं आणि ती मागे एका बाजूला पाय सोडून बसू लागली. मग लेक झाली, ती पुढे टाकीवर. टाकीवर दूध सांडलं, बिस्किटं चुरडली, एकदा तर लेकीनं खिळ्यानं घर काढलं, धुराड्यासकट. मी कुरकुरले नाही.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा बायकोनं मालकाला विचारलं, "अहो, मला शिकवा ना ही."

तो हसला. "अगं, केवढी जड आहे ती! आडवी झाली तर उचलणार आहेस का? तुला नाही झेपायची."

तिला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम मिळत होतं. घरोघरी जायचं, म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या हातातून रक्त घ्यायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं. तिचा हात इतका हलका की सुई टोचली तरी माणूस विचारतो, "झालं का?" अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. ते काम गेलं. मालक तर ऑफिसच्या बसनं जायचा! मी दिवसभर इथेच उभी. माझ्या सीटवर शेजारचं मांजर झोपायचं आणि ती माझ्या शेजारून लेकीचा हात धरून भर उन्हात पायी शाळेत जायची. मित्रांनो, तेव्हा मी स्वतःलाच दोष दिला. मला वाटलं, मी खरंच जड आहे.

मग स्कूटर आली. साधीसुधी नाही, चांगली घोड्याएवढी. समोर वारा अडवणारी काच, सीट इतकी रुंद की मालकाचे वडील म्हणाले, "ही गाडी आहे की दिवाणखाना? उशी आणू का?" गिअर नाही, क्लच नाही, किक मारायला नको. पाय ठेवायला सपाट जागा. सीट उचलली की खाली एवढा मोठा कप्पा! तिनं लगेच रक्ताच्या नळ्या न्यायचा लॅबचा डबा आणून त्यात ठेवून पाहिला. नीट बसला. लॅबच्या बाईंनी तिला पुन्हा बोलावलं होतं. सीट बंद करून ती त्यावर हात फिरवत राहिली. माझ्यावर तो डबा कुठे ठेवणार होती? माझ्याकडे गुडघ्यांत धरायची टाकी आहे, कप्पा नाही. हे मला मान्य करावंच लागलं आणि त्यानं मी जास्तच जळले.

तेवढ्यात मालक स्कूटर स्टँडवर चढवायला गेला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन ओढली आणि घाम पुसत अभिमानानं म्हणाला, "बाप रे! मोटरसायकलपेक्षा जड आहे ही. म्हणून तर रस्ता धरून चालते!"

ऐकलंत? माझ्यापेक्षा जड! माझं वजन म्हणजे बायकोच्या वाटेतली धोंड आणि हिचं वजन म्हणजे गुण! आजोबांनी, म्हणजे मालकाच्या वडिलांनी, सुनेकडे पाहिलं. माझा स्कूटरवरचा राग तिथेच संपला. तिचा बिचारीचा काय दोष? राग फिरला, तो मालकाकडे वळला आणि अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "आज ऑफिसात दाखवून आणतो." त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाला, "नवी गाडी आहे, जरा मोकळी होऊ दे." मग म्हणाला, "एवढी मोठी गाडी तू गल्लीबोळांत घालणार? ओरखडे पडतील." त्याची ऑफिसची बस सुटली ती सुटलीच. त्याला ती रुंद सीट आवडली होती. लॅबच्या बाईंचा फोन आला, की येत्या सोमवारी आला नाहीत तर मी दुसरी मुलगी घेते.

तिनं फोन ठेवला. आजोबा वर्तमानपत्राची घडी करत उठले. "सूनबाई, चल. जुनी आहे, पण मेलेली नाही."

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तिला शिकवलं. "क्लच असा एकदम नाही सोडायचा. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात कसा काढतेस? तसा." हे तिला एका क्षणात कळलं. मी अलगद निघाले. पण खड्डा आला आणि तिनं हँडल सोडून हात मागे टाकला, मागच्या दांडीकडे! इतकी वर्षं मागे बसलेलं माणूस, धक्का बसला की हात तिकडेच जाणार. आम्ही दोघी आडव्या झालो.

आजोबा धावले. ती म्हणाली, "थांबा बाबा. हात लावू नका."

तिनं माझ्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले, कंबर माझ्या सीटला टेकवली आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत मला उभं केलं. एकटीनं. मग कोपराचं रक्त ओढणीला पुसून म्हणाली, "एवढंच?"

मित्रांनो, गाड्यांची निगा राखा. चेनला तेल घाला, चाकांत हवा भरा. पण कुणाला झेपणार नाही म्हणायच्या आधी हँडल त्यांच्या हातात द्या. आणि आपल्या मनातला नकार आमच्या वजनाच्या माथी मारू नका!

सोमवारी डबा माझ्या मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी बांधून ती कामावर गेली. खड्ड्यांतून जाताना एक हात मागे नेऊन डबा चाचपत होती. संध्याकाळी लेकीला पुढे घेऊन परतली, तेव्हा मालक दारात स्कूटर पुसत होता. फडकं मऊ, नवं कोरं होतं.

"अरे वा! जमली की तुला," तो खुशीत म्हणाला. "मग आता प्रश्नच मिटला. तू ही वापर, मी ती."

तो शीळ घालत आत गेला. तिनं मला स्टँडवर लावलं आणि हेल्मेटचा पट्टा सोडायला हात वर नेला. लेक टाकीवरून उतरून स्कूटरजवळ गेली, सीटवर हात ठेवला.

"आई, ही तुझ्यासाठी आणली ना?"

"हो."

"मग हिची किल्ली बाबांच्या खिशात का असते?"

तिचा हात पट्ट्यावरच राहिला.