पोस्टरवरची विहीर

गौरवीने पंधरा दिवस रंगांशी झटापट केली होती. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय डिचोलीजवळच्या आपल्याच गावातल्या विहिरींचं पाणी, आणि मार्गदर्शक कृष्णनाथ सर असे, की पोस्टरवर चौथा रंग दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या. मागे नक्षी नको, ढग नकोत, पांढरंच ठेव, म्हणाले. तिने मुकाट्याने ऐकलं. फोटो मात्र तिने स्वतः निवडला: पद्मावती मामीच्या विहिरीचा, खाणीच्या मातीने लाल झालेल्या पाण्याचा. त्याच पाण्यातला लाल उचलून तिने खालच्या आलेखाला दिला. बघणाऱ्याने वर पाणी बघावं, खाली आकडे बघावेत आणि त्याची बोलती बंद व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

कारण पणजीतल्या पोस्टर प्रदर्शनाला विहिरींची तपासणी मंजूर करणारे साहेब येणार होते. मामी आठ वर्षं अर्ज करत होती, आणि दरवेळी पाणी ठीक असल्याचा कागद तिच्या हातावर टेकवला जात होता.

पोस्टर छापलं डिचोलीच्या परेशने. हा जत्रेचे आणि लग्नाचे बॅनर छापणारा माणूस. नवरदेव सावळा असला तर न विचारता उजळ करून देणारा. त्याने बांधून दिलेली गुंडाळी घेऊन गौरवी मामीसोबत सकाळच्या बसने पणजीला आली. सभागृहात तिने ती उलगडली. विहिरीत निळंशार पाणी होतं.

तिने परेशला फोन लावला.

"अगो बाय, पाणी कसला लालभडक दिसत होता!" तो खुशीत म्हणाला. "पणजेक मोठी मोठी माणसा बघतली. आमच्या गावाची लाज नको जावक. मी बसून निवळ केला. बरा झाला मां?"

आता याच्यावर ओरडायचं तरी कसं? जीव लावून केलं होतं बिचाऱ्याने. "बरा झाला," म्हणून तिने फोन ठेवला. तिला रडू येत होतं. फोटोवर कोरा कागद चिकटवावा म्हणून ती चिकटपट्टी शोधायला वळली, तोवर साहेब समोर उभे.

"पाणी तर छान दिसतंय."

"सर, तो रंग छापताना बदलला. खरा फोटो हा." तिने मोबाईल पुढे धरला.

साहेबांनी दोन्ही फोटो नीट पाहिले. "मग हे आकडे कुठल्या पाण्याचे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

तिने नमुने, तारखा, प्रयोगशाळा, सगळं सांगितलं. ते मान हलवत होते. कृष्णनाथ सर बाजूला खाली मान घालून उभे होते. मग साहेब पुढच्या पोस्टरकडे गेले.

गर्दी सरल्यावर मागे उभी असलेली मामी पुढे आली. तिने विहिरीच्या निळ्या पाण्यावर अलगद बोट ठेवलं. तिचा चेहरा उजळला होता.

"अश्शीच होती गो आमची बांय, मी लगीन होऊन इलंय तेव्हा," ती म्हणाली. "ह्यो जुनो फोटो तुका खंय गावलो?"