दाराबाहेर ठेवलेला डबा

मित्रांनो, महाडच्या एका स्वयंपाकघरात धुराने काळवंडलेल्या खुंटीला पितळेचा तीन पुडांचा एक डबा टांगलेला आहे. त्याची कडी एका बाजूला वाकली आहे आणि झाकणाला पोचा पडला आहे. तो जुना डबा म्हणजे मी. आता मला कोणी खाली काढत नाही. पण माझ्या आत अजून एक संध्याकाळ शिल्लक आहे, आणि ती तुम्हाला दिल्याशिवाय मला रिकामे झाल्यासारखे वाटणार नाही.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. माझे पहिले मालक ट्रक चालवत. कशेडी घाटात दरड कोसळून रस्ता अडला की ते मला उघडत आणि मागच्यापुढच्या गाड्यांवरल्या माणसांना हाका मारत. ते वारले, तेव्हा त्यांची पत्नी सलीमा हिने मला जुन्या कपड्यांत गुंडाळून पलंगाखाली सरकवले. तिथे मी कित्येक वर्षे काळा पडत राहिलो.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत घरोघरची तरुण माणसे निघून चालली होती. बाजारपेठेतली आखातात, डोंगरातल्या वाड्यांतली मुंबईला. मागे राहत ती म्हातारी माणसे. शेजारच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ तापाने पडून आहेत आणि त्यांची चूल पेटलेली नाही, हे सलीमाला त्यांच्या मांजराच्या ओरडण्यावरून कळले. त्या दिवशी तिने दोन माणसांचा भात जास्त टाकला. महिन्याभरात पोलादपूरकडच्या एका वाडीतून आलेली रंगूबाई तिच्या मदतीला उभी राहिली. कोणी तांदूळ दिला, कोणी शेगडी दिली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रोज जेवण जाऊ लागले, आणि डबे कमी पडले म्हणून मला पलंगाखालून बाहेर काढण्यात आले. कल्हई होऊन मी पुन्हा आतून उजळलो. वरच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांनी सुरुवातीला एवढेच विचारून घेतले की रांधते ती रंगूबाईच ना. पुढे तेही विचारणे थांबले.

सलीमाचा दीर मुराद आपल्या मिनिडोर रिक्षातून आम्हाला पोहोचवी. माझी जागा शेवटची होती. रिक्षा पोलादपूरच्या पुढे डांबर संपेपर्यंत जाई, आणि तिथून मुराद मला हातात घेऊन चढण चढे. वर एक वाडी होती. तिथल्या सगळ्या दारांना कुलपे होती, एक दार सोडून. त्या दारामागे चंद्रभागा राहत होती. कंबरेचे हाड मोडल्यापासून ती फरशीवर सरकत चाले. मुलगा मोरू मुंबईला गिरणीत होता, आणि गिरणी बंद पडल्यावरही तो तिकडेच राहिला. भिंतीला भिंत लागून राहणारी तिची मैत्रीण आवडी आदल्या वर्षी गेली होती.

त्या वाडीत एक समज होता. रानातून आलेले जे काही असते, ते माणसाच्या आवाजात हाक मारते, पण एकदाच. त्याला ओ दिली की माणूस त्याच्यामागे जातो. म्हणून चंद्रभागा तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसे. मुराद अंगणात उभा राहून तीनदा पुकारी, मग आतून आवाज येई आणि कडी निघे. एकदा त्याने हसत विचारले, ‘‘आणि आजी, मी एकदाच हाक मारली तर?’’

‘‘तर तू मेलास असा समजंन,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तुझ्या भाभीला सांग, मीठ टाकताना हात आखडू नको.’’

मुरादचा आखाताचा व्हिसा अचानक आला. श्रावणाचे दिवस होते. निघण्याच्या गडबडीत त्याने सलीमाच्या भाच्याला, शहबाजला, सगळी घरे समजावून दिली. कोणाला दात नाहीत, कोणाचा कुत्रा अंगावर येतो, कोणाला भात मऊ लागतो, काहीच सोडले नाही. तीन हाकांचे तेवढे राहून गेले. श्वास कसा घ्यावा हे जसे कोणी कोणाला सांगत नाही, तसे ते त्याच्या सांगण्यात आले नाही. शहबाज मुंबईत वाढलेला होता. त्यालाही विचारायचे सुचले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वर पोहोचलो, तेव्हा वाडी धुक्यात बुडालेली होती. शहबाजने अंगणातून एक हाक मारली. ती कुलूपबंद घरांवरून फिरून आमच्याकडे परत आली, पण परत आलेला आवाज शहबाजचा वाटेना. तो किंचित बारीक होता. शहबाज थोडा वेळ थांबला आणि मला भरलेलाच घेऊन खाली उतरला. म्हातारी बहुधा मुलाकडे गेली, असे त्याने घरी सांगितले. सलीमाच्या मनाला ते पटले नाही. उद्या कोणी दिसले नाही तर डबा ओट्यावर ठेवून ये, असे तिने बजावले.

दुसऱ्या दिवशी त्याने तसेच केले. एक हाक, थोडी शांतता, आणि मग मला दाराशी ठेवून तो जवळजवळ पळतच उतरला. त्याची पावले विरून गेली आणि मी त्या ओट्यावर एकटा राहिलो.

मित्रांनो, डब्याला तोंड असते, पण जीभ नसते. माझ्या एका पुडात भात होता, एकात वरण आणि दोडक्याची भाजी, वरच्या पुडात तांदळाच्या भाकऱ्या. एका फळीपलीकडे ती म्हातारी उपाशी होती. तिच्या बाजूने पाहिले तर तिला काय कळले होते? मुराद यायचा थांबला, आणि दोन दिवस कोणीतरी अनोळखी आवाजात दारी येऊन तिचे नाव एकदाच घेऊन गेले. आतून तिचे सरकणे ऐकू येई. ती दारापर्यंत येई, कान देई आणि पुन्हा मागे जाई. माझी ऊब हळूहळू निघून चालली होती. ‘मी इथे आहे’ एवढेच मला सांगायचे होते, आणि तेवढेच मला येत नव्हते.

संध्याकाळी धुके अंगणातून ओट्यावर चढले. पागोळ्या थांबल्या. रातकिडेही थांबले, आणि त्या थांबण्याने मी आतपर्यंत गार झालो. पायरव झाला नाही. गवत हलले नाही. अगदी माझ्या झाकणाजवळून कोणीतरी म्हणाले,

‘‘चंद्रे.’’

बाईचा आवाज होता. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. शेजारीण कामातून सवड काढून दारात डोकावते, तसा तो होता. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही.

आत बराच वेळ काही हलले नाही. ती ओ देणार नाही, असे मला वाटले. देऊ नये असेही वाटले, आणि द्यावी असेही. कारण ओ दिली तर तिचे काय होईल ते मी ऐकून होतो, आणि न दिली तर काय होईल ते माझ्या थंड होत चाललेल्या अन्नाला ठाऊक होते.

मग आतून क्षीण आवाज आला. ‘‘आवडे, तूच हायस का गो?’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘ओ. थांब, येते.’’

फरशीवर ती सरकत आली. कडी निघायला फार वेळ लागला. दार उघडले तेव्हा अंगणात धुक्याशिवाय काही नव्हते. तिने चाचपडत हात पुढे केला, आणि तो माझ्या कडीला लागला.

तिने झाकण काढले. वास घेतला. मला वाटले, ती आता घाईने खाईल. पण तिने आधी एका भाकरीचे दोन भाग केले, एक ओट्याच्या कडेला ठेवला, आणि धुक्याकडे पाहून म्हणाली, ‘‘खा गो.’’ मग ती जेवली आणि मला आत घेऊन तिने दार लावले. सकाळी दार उघडले, तेव्हा ओट्यावरची अर्धी भाकरी नव्हती. ती कावळ्याने नेली असेल, असे मी स्वतःला सांगत आलो आहे.

इकडे महाडला रंगूबाईने शहबाजला विचारले होते की हाका किती मारल्यास. एकच, हे ऐकल्यावर तिने झारा बाजूला ठेवला आणि तीन हाकांचा समज सलीमाला सांगितला. दिवस उजाडताच सलीमा शहबाजला घेऊन धापा टाकत ती चढण चढली. अंगणात येऊन तिने हाक मारली. दुसऱ्या हाकेसाठी तिने श्वास घेतला, तोच आतून ‘‘ओ’’ आली.

कडी निघेपर्यंत सलीमा ओट्यावर बसली. शहबाज तिच्या मागे उभा होता. चंद्रभागेने त्याला नखशिखांत न्याहाळले.

‘‘तूच का रे तो? मी भूत समजले तुला. म्हटला, या भुताला बरी अक्कल हाय, जेवान ठेवून गेला.’’

सलीमाने तिची माफी मागितली. यापुढे हा तीनदा हाक मारील, मी स्वतः लक्ष घालीन, असे ती म्हणाली. चंद्रभागा माझी पुडे एकावर एक बसवत होती. तिने मान हलवली.

‘‘नको गो बाय. आता पयल्या हाकेला ओ दीन. माझ्या दारापर्यंत चढून आलाय म्हंजे, कोन का असंना, उपाशीच असंल.’’ मग झाकण लावत म्हणाली, ‘‘एक भाकर जास्त घालशील?’’

त्या दिवसापासून माझ्यात एक भाकरी जास्त जाऊ लागली. ती कोणासाठी, हे शहबाजने कधी विचारले नाही. मी मात्र रोज घासूनपुसून रिकामा परत येत असे. पुढच्याच्या पुढच्या वर्षी, भाताची कापणी चालू असताना, चंद्रभागा झोपेत गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, असे शहबाज सांगे. आता नवे, हलके स्टीलचे डबे आले आहेत आणि ते माझे काम चोख करतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

मला खाली काढा, घासा, मिरवा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमच्याही ओळखीचे असे एखादे दार असेल, ज्याच्यामागे कोणी एकटे राहत असेल. तिथे गेलात आणि आतून उत्तर आले नाही, तर घर रिकामे समजून माघारी फिरू नका. तिथेच थोडे उभे राहा. आतल्या माणसाला दारापर्यंत यायला वेळ लागतो.