आधी देवी, मग दर्या

"नारळ भुईला टेकवायचा न्हाय. तुझ्या हातानं द्यायचा. आनि आधी देवी, मग दर्या. ध्यानात ठेव."

ठमीबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांना उशीवरून मान उचलवत नव्हती, पण हुकूम सोडण्यापुरता आवाज शिल्लक होता. विनिताने सासूचा हात धरून "व्हय आई" म्हटलं. पुढे चार दिवसांत ठमीबाई गेल्या, आणि तो नारळ लाल फडक्यात गुंडाळून विनिताच्या देव्हाऱ्यात पाच महिने बसून राहिला. रोज पूजा झाली की ती तो कानाशी धरून हलकेच हलवायची. पाणी वाजलं की जिवाला बरं वाटायचं.

मागल्या दारच्या माडाचा तो पहिला नारळ. माडाचं रोप ठमीबाईंनी माहेराहून, चौलच्या वाडीतून आणलं होतं. पहिलं फळ चौलच्या शीतळादेवीला, असा त्यांचा बोललेला नवस. उरणहून चौल काही लंकेत नाही. पण विनिताचा नवरा अल्पेश याच्या तीन ट्रेलरना बंदरातून फुरसत मिळाली तर अल्पेशला मिळणार. शेवटी नवी सात सीटची गाडी दारात आली, लेक प्राप्तीची दहावीची परीक्षा संपली आणि अल्पेशने जाहीर केलं, "रविवारी मुरुड. सगल्यांनी."

"वाटेत चौल लागतं," विनिता म्हणाली.

"येताना थांबू की," सासरे नामाशेट लगेच म्हणाले.

"आई बोललेल्या, आधी देवी."

नामाशेटनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. चौल म्हटलं की त्यांचं असं व्हायचं. तिथे त्यांचा मेव्हणा रामचंद्र राहतो. बारा वर्षांपूर्वी त्याने नामाशेटच्या पहिल्या ट्रकला भर मांडवात खटारा म्हटलं होतं. त्याचं म्हणणं असं की वऱ्हाड त्या ट्रकमध्ये होतं, ट्रक पेणच्या अलीकडे बंद पडला आणि त्याच्या लेकीचा मुहूर्त टळला. नामाशेटचं म्हणणं असं की हे सगळं खरं असलं तरी खटारा म्हणायचं कारण नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद. बहिणीला पोचवायला रामचंद्र आला, खांदा दिला आणि तसाच मागे फिरला.

रविवारी पहाटे विनिताने आंघोळ करून सूर्याला अर्घ्य दिलं. रविवारचं तिचं आळणी असतं, मीठ नाही. त्यात आज देवीचं दर्शन होईपर्यंत काहीच नाही, फक्त पाणी. नारळ मांडीवर घेऊन ती मधल्या सीटवर बसली. शेजारी प्राप्ती, पुढे अल्पेश आणि नामाशेट, मागे दीर दिपेश आणि खाण्याच्या पिशव्या. पिशव्या दिपेशनेच मागे मागून घेतल्या होत्या.

"वहिनी, नारळाला पण सीटबेल्ट लाव," दिपेश म्हणाला. तोंडात भजी होती.

"तू तुझं बघ. वडखळ यायच्या आधीच पिशवी रिकामी करशील."

वडखळला चहा झाला. कार्लेखिंडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसल्या आणि दिपेशने गाडी थांबवायला लावलीच. त्याने चांगल्या जाड चार माळा घेतल्या आणि ऐटीत मधल्या सीटवर, विनिता आणि प्राप्तीच्या मध्ये, आणून ठेवल्या.

गाडी सुरू झाली आणि टीं टीं टीं असा आवाज येऊ लागला.

अल्पेशने काचा वरखाली केल्या, दारं आपटून पाहिली, दिवे लावले, विझवले. आवाज थांबेना. चौदा चाकांचा ट्रेलर अंधारात उलटा लावणारा माणूस, पण या गाडीच्या कण्हण्यापुढे त्याला घाम फुटला.

"इंजिन गेलं का रं?" नामाशेट म्हणाले.

"बाबा, नवी हाय गाडी!"

"म्हणून तर दिष्ट लागली. वडखळला तो टपरीवाला कसा टक लावून बघत व्हता."

प्राप्तीच्या कानात गाणी होती, तिला तो आवाज ऐकूच येत नव्हता. टीं टीं करत अलिबाग गेलं, आक्षी गेलं. नागावात एका घरगुती खानावळीपाशी अल्पेशने गाडी बंद केली. विनिताला हातपाय धुवायचे होते. तिने नारळ प्राप्तीच्या मांडीवर ठेवला. "खाली टेकवू नको हां."

ती पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा घरचे सगळे गाडीच्या नाकासमोर उभे होते. चाकांखाली लिंबं होती. रस्त्यावर नारळाचं पाणी ऊन पीत होतं आणि दिपेश मोठ्या श्रद्धेने खोबरं खात होता.

"वहिनी, प्रसाद!"

विनिताने गाडीत पाहिलं. सीटवर नुसतं लाल फडकं होतं.

"आजोबांनी मागितला," प्राप्ती म्हणाली. कानातलं आता बाहेर आलं होतं. "मी खाली नाही टेकवला, आई. हातातच दिला."

दोष कुणाला द्यायचा? ज्या घरात टायर बदलला तरी नारळ वाढवतात, त्या घरात गाडीतला नारळ गाडीचाच असतो. अल्पेशला तर वाटलं होतं, बायको किती समजूतदार, आठवणीने नारळ घेऊन निघाली. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याने हातातला तुकडा हळूच खिशात टाकला.

विनिता ओरडली नाही. तिचं तसंच होतं. राग चढेल तसा तिचा आवाज खाली उतरायचा.

"बसा गाडीत," ती म्हणाली. हे ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

गाडी सुरू झाली. आवाज बंद! "बघा," नामाशेट म्हणाले, "नारळानं काम केलं." पण कुणाकडे वळून पाहिलं नाही. चौलचा फाटा आला तेव्हा त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "आता कशाला थांबायचं? नारळच न्हाय. देवीपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं काय?"

अल्पेशने आरशातून बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती. चौल मागे पडलं.

रेवदंड्याच्या पुलावर दिपेशला खाडीचा फोटो काढायचा झाला. नागावला प्राप्तीने वासाची तक्रार केली म्हणून कांदे त्याने स्वतःच्या मांडीवर घेतले होते. ते त्याने पुन्हा पुढे, मधल्या सीटवर ढकलले.

टीं टीं टीं.

प्राप्तीने कांद्यांकडे पाहिलं. मग पट्टा ओढून माळांवरून घेतला आणि खटकन लावला. आवाज थांबला.

"गाडी कांद्यांना माणूस समजते," प्राप्ती म्हणाली. "वजन आहे, पण पट्टा नाही, म्हणून ओरडत होती."

पूल संपला, कोर्लई गेलं. नवसाचा नारळ चार माळा कांद्यांपायी गेला होता, आणि ते कांदे आता पट्टा लावून पाहुण्यासारखे बसले होते.

मुरुडच्या अलीकडे, काशीदला, दर्या समोर आला. एरवी धावत सुटणारी माणसं आज चपला काढायलाही संकोचत होती. विनिता सुरूच्या सावलीत, पाण्यापासून लांब, कोरड्या वाळूवर बसली.

"पाय तरी बुडव गं," अल्पेश म्हणाला.

"आधी देवी."

"मग शहाळं तरी पी..." शब्द तोंडातून सुटले आणि त्याने जीभ चावली.

"तुम्ही जावा. पोरगी खोळंबली हाय."

"आई, तू रागावलीस?" प्राप्तीने विचारलं.

"नाय गं."

"मग एकदा ओरड ना, प्लीज. बाबांना पण बरं वाटेल."

शेवटी ती तिघं पाण्याकडे गेली. दिपेशने जाताना वडापाव घेतला होता. वहिनी उपाशी दिसत असताना तो घशाखाली उतरेना, म्हणून तो पाठ करून खात होता. मग पाठ करूनही जमेना. अर्धा वडा त्याने कागदात बांधला. दिपेशने खाणं मध्येच सोडलेलं घरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

नामाशेट मात्र पाण्याकडे गेले नाहीत. थोडं अंतर राखून बसले. बराच वेळ वाळूत बोटाने रेघा ओढत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "लाल फडकं मी वळखलं व्हतं."

विनिताने वळून पाहिलं.

"पोरांना ठावं नव्हतं. मला व्हतं. गाडी कन्हत व्हती हे खरं, पन चौल पुढच्या वळनावर व्हतं. वाटलं, नारळ न्हाय तर चौल न्हाय. रामचंद्र रोज सकाळी त्या देवळात असतो." त्यांनी रेघा पुसल्या. "ठमीनं तुला सांगितलं, मला न्हाय सांगितलं. नवरा जिता असून. का, ते आज कललं."

विनिताला खूप काही बोलता आलं असतं. पाच महिने कानाशी वाजवलेलं ते पाणी नागावच्या डांबरावर वाळलं होतं. पण म्हातारा टोपी हातात घेऊन बसला होता, आणि टोपीविना तो फार लहान दिसत होता.

"आपल्या माडाची माय रामचंद्रमामांच्या वाडीत हाय," ती म्हणाली. "त्याच झाडाखालचं रोप आईंनी आणलं. तिथला नारळ देवी परका नाय म्हणणार."

"त्याच्या दारात जाऊन नारळ मागू? मी?"

"मी मागते."

"त्यो तुला धा देईल. आनि मग जन्मभर बोलेल, नामानं सुनेला पुढं केली." नामाशेट उठले, परत बसले, परत उठले. "मी जाऊन काय बोलू?"

"खटारा व्हता, एवढं बोललात तरी पुरे."

नामाशेटनी दर्याकडे पाहिलं, जणू त्यानेच हे सुचवलं होतं. मग म्हणाले, "व्हता खरा. दोन गिअर तर पडतच नव्हते."

मग त्यांनी हात पुढे केला. "ते फडकं दे."

विनिताने दिलं. त्यांनी ते नीट चौकोनी करून खिशात ठेवलं. "अर्ध्या तासानं अल्पेशला घेऊन निघ आनि देवळाशी ये. नारळ तुझ्याच हातानं द्यायचा हाय."

"बाबा, गाडीनंच जाऊ ना सगळे."

"नव्या गाडीतनं उतरलो तर त्यो बोलेल, गाडी दाखवायला आला. न्हाय. यष्टीनं जातो." दोन पावलं गेले आणि थांबले. "नारळ भुईला न्हाय टेकवत. काळजी करू नको."

पाण्यात तिघं एकमेकांवर लाटा उडवत होती, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. विनितानेही हाक मारली नाही. सुरूच्या झाडांमधून नामाशेट टोपी सारखी करत रस्त्यापर्यंत गेले, चपलेतली वाळू झटकली आणि रेवदंड्याकडे जाणाऱ्या लाल गाडीला हात केला.