फडक्यावरचा कीस

धाकटे भावजी टेम्पोचं इंजिन फुकटात बांधून देतो म्हणाले, तेव्हाच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसानं शेजाऱ्याला कधी पाना उसना दिला नाही, त्याला एकाएकी भावाचा एवढा पुळका कुठून आला?

नवरा पाय प्लॅस्टरमध्ये घालून आतल्या खोलीत पडलेला. घर चालायचं ते त्या टेम्पोवर. आणि भावजींचं येता-जाता एकच टुमणं, "विकून टाका वहिनी. दमलंय इंजिन. गिऱ्हाईक मी आणतो." गिऱ्हाईक कोण, ते मात्र सांगायला तयार नाहीत.

म्हणून वहिनी शेंगा निवडायला शेडच्या दारातच बसली. इंजिनचं हेड उतरवलेलं, खाली ब्लॉक उघडा. बोल्टची भोकं साफ करायची होती. आट्यांत मळी राहिली की बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि आतून सैलच राहतो, हे नवऱ्याच्या बडबडीतून तिच्या कानावर पडलेलं. भावजींनी भोकात टॅप, म्हणजे आटे पाडायचं पोलादी हत्यार, घातला, दोन्ही हातांनी रेटून फिरवला, काढून फडक्याला पुसला.

फडकं चमकलं.

"हे काय हो भावजी?"

"गंज, वहिनी. जुना गंज."

"चांदीचा?"

"तुम्ही आपल्या शेंगा बघा."

ती उठून आत गेली. "अहो, भोक साफ करताना चकचकीत कीस निघतो?"

"काळी मळी निघते. कीस निघाला म्हणजे आटेच कापले जातायत. असा बोल्ट चार दिवस धरतो आणि भर रस्त्यात सोडतो. का गं?"

"सहज."

"त्याच्यावर पाळत ठेवू नकोस हां. भाऊ आहे माझा."

"म्हणूनच तर."

ती बाहेर येईपर्यंत दुसऱ्या भोकाचंही तेच झालं होतं. चूक म्हणावी की डाव? भांडून काही कळलं नसतं. भावजींनी दोन्हीला सारखंच तोंड वाकडं केलं असतं. वहिनीनं परात मांडीवर घेतली आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला.

"पटलं मला, भावजी. विकूनच टाकू. पण बाहेरचं गिऱ्हाईक कशाला? तुम्हीच घ्या. म्हणाल ती किंमत."

"मी? छे, छे!" म्हणता म्हणता भावजींचे कान लाल झाले. "आता तुमचा आग्रहच असेल तर..."

"इंजिन तेवढं पुरं करा. तुमचंच आहे आता."

टॅप बाजूला गेला. पेटीच्या तळातून एक जुना बोल्ट निघाला, मळी खाचांत अडकून वर यावी म्हणून कानशीनं उभ्या खाचा पाडलेला. त्याला तेलाचा थेंब लागला. तिसऱ्या भोकात भावजींनी तो दोन बोटांनी असा अलगद फिरवला, जणू तान्ह्या बाळाचा कान पुसतायत. फडक्यावर काळीकुट्ट मळी आली. मग हवा मारली, टॉर्च लावून तळ पाहिला, पुन्हा हवा मारली.

वहिनीनं उरलेली सगळी भोकं तशीच साफ होऊ दिली. घाई कसली?

शेवटचं झाल्यावर म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा! राहू दे टेम्पो आमच्याकडेच. आणि हा ब्लॉक आजच्या आज लेथवाल्याकडे न्या. पहिल्या दोन भोकांत बुश घालून नवे आटे पाडून आणा."

"वहिनी, माझ्यावर संशय घेताय तुम्ही?"

"छे हो," वहिनी शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली, "संशय मघाशी होता."